वेगाचा साक्षीदार

चोरी झाली की मुद्देमाल सापडतो, मारामारी झाली की जखम दिसते. वेगमर्यादा मोडण्याचा गुन्हा मात्र घडतो आणि त्याच क्षणी पुसला जातो. गाडी निघून गेलेली असते आणि रस्त्यावर धुळीखेरीज काही उरत नाही. म्हणून या गुन्ह्याला पहिल्यापासून एका गोष्टीची गरज पडली, ती म्हणजे साक्षीदाराची. हा साक्षीदार कोण असावा, त्याच्यावर विश्वास किती ठेवावा, आणि त्याने रस्त्यावर उघड उभे राहावे की लपून, या तीन प्रश्नांभोवती गेली सव्वाशे वर्षे पोलीस, वाहनचालक, अभियंते आणि न्यायाधीश यांच्यात एक झगडा चालू आहे. त्याचा इतिहास मला यंत्रांच्या इतिहासापेक्षा विश्वासाचा इतिहास वाटतो. तो येथे थोडक्यात मांडतो.

वेगासाठी शिक्षा झालेला पहिला मोटारचालक म्हणून इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या वॉल्टर अर्नोल्डचे नाव घेतले जाते. साल १८९६, महिना जानेवारी. गावातून जाताना ताशी २ मैल ही मर्यादा होती आणि गाडीपुढे एक माणूस पायी चालत असला पाहिजे असा नियम होता. कायदा मुळात वाफेच्या अवजड इंजिनांसाठी केलेला, पण मोटारींनाही तोच लागू. अर्नोल्ड ताशी ८ मैलांनी, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरने चालला होता. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग, खर्च वेगळा. साक्षीदार होता तो हवालदाराचा डोळा, आणि त्याच्या पायांत असलेला जोर.

झुडपामागचे घड्याळ

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेने मर्यादा ताशी १४ मैलांवर नेली आणि १९०३ च्या मोटार कार कायद्याने २० मैलांवर. याच कायद्याने गाड्यांना नोंदणी क्रमांकाच्या पाट्या आल्या. त्यात आणखी एक कलम होते, ज्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष जात नाही. केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही अतिवेगासाठी दोषी ठरवता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. ‘मला गाडी जोरात वाटली’ एवढे एका माणसाने म्हणून भागणार नव्हते. मत नको, मोजमाप हवे, हा आग्रह येथे पहिल्यांदा कायद्यात उतरला. हे कलम लक्षात ठेवावे, कारण ते आपल्याला पुढे भारतात भेटणार आहे.

मोजमाप करायचे तर साधन काय? अंतर आणि काळ. रस्त्याचा एक तुकडा आधी मोजून ठेवायचा. एका टोकाला एक हवालदार, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोघेही झुडपाआड. गाडी पहिल्या खुणेवरून गेली की एकाने रुमाल हलवायचा आणि दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबायचे. ताशी २० मैलांनी जाणारी गाडी एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, साडेबावीस सेकंदांत ओलांडते. बोट सेकंदभर चुकले तर हिशेब मैलभराने चुकतो. अंतर याहून कमी घेतले तर चूक वाढत जाते. त्यामुळे न्यायालयात घड्याळाच्या अचूकतेवरून आणि हवालदाराच्या हाताच्या चपळाईवरून वाद रंगू लागले.

चालकांनी वाद घालण्यापलीकडे जाऊन दुसरा उपाय शोधला. १९०५ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली, तिचा मूळ हेतूच सभासदांना हे सापळे आधी कळवण्याचा होता. संस्थेचे स्काउट सायकलवरून लंडन-ब्रायटनसारख्या रस्त्यांवर फिरत आणि पुढे पोलीस दबा धरून बसले असतील तर गाड्यांना इशारा देत. आज ज्याला आपण रडार डिटेक्टर म्हणतो, त्याचा हा पहिला अवतार. त्याला वीज लागत नव्हती, नुसती खाकी गणवेशातली पोरे लागत होती.

हा इशारा देणे गुन्हा आहे का? इंग्लंडच्या न्यायालयांनी या प्रश्नाला लागोपाठ दोन उत्तरे दिली. बॅस्टेबल विरुद्ध लिटल या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गुन्हा नाही असे ठरले, कारण इशारा मिळालेले चालक त्या वेळी मर्यादा ओलांडत होते असे सिद्ध झाले नव्हते. १९१० च्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात चित्र वेगळे होते. गाड्या जोरात येत होत्या, स्काउटने खूण केली, त्या मंदावल्या आणि पोलिसांचा पुरावा अर्धवट राहिला. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टन यांनी हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरवला.

संस्थेने यावर काढलेली पळवाट पाहून आजही हसू येते. सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला दिसला की स्काउटने कडक सलाम ठोकायचा. सलाम झाला नाही, तर सभासदाने गाडी थांबवून कारण विचारायचे. सापळा असेल तेव्हा स्काउट काहीच करत नसे, नुसता हात खाली ठेवून उभा राहत असे. न केलेल्या सलामाबद्दल कोणाला अडवणार? हा सलाम पुढे कित्येक दशके टिकला. अनेकांना ती सभासदांविषयीची अदब वाटत असे.

या प्रकरणात एक खरा पेच आहे. इशारा मिळालेली गाडी मंदावली. कायद्याला हवे होते तेच झाले ना? मग अडथळा कशात आला? वेग कमी व्हावा हा कायद्याचा हेतू असेल तर स्काउटने पोलिसांना मदतच केली. दंड व्हावा हा हेतू असेल तर अडथळा केला. या पेचाचे उत्तर १९१० नंतरही कोणी नीट दिलेले नाही.

तंबोरा आणि तारे

महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतले एक गृहस्थ मोबाइलवर आलेले चलन दाखवायला आले. त्यात गाडीचा फोटो होता, क्रमांक होता आणि वेगाचा आकडा होता. त्यांनी विचारले, “सर, माणूस खोटं बोलतो हे मला माहीत आहे. यंत्र खोटं बोलत नाही कशावरून?” प्रश्न भाबडा नव्हता. यंत्र नेमके काय बघते हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

१८४२ साली प्रागमध्ये ख्रिस्तियन डॉपलरने जोडताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. तरंग सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर तरंग दाटीने येतात, दूर जात असेल तर विरळ, असे त्याचे म्हणणे होते. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट याने आगगाडीवर तुतारीवाले बसवले आणि रुळांशेजारी सुरांचे कान असलेले लोक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढतो, दूर जाताना उतरतो, हे त्यांनी कानांनी पक्के केले. स्टेशनात न थांबता शिट्टी वाजवत जाणारी गाडी ऐकलेल्या कोणालाही हा अनुभव आहे.

रडार हेच करते, ध्वनीऐवजी सूक्ष्मलहरींनी. पोलिसांच्या यंत्रांत सर्रास वापरली जाणारी एक वारंवारता २४.१५ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला २,४१५ कोटी कंपने. समोरून ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीवर आदळून तरंग परत आला की त्यात सेकंदाला सुमारे ४,४७० कंपनांची भर पडलेली असते. अडीच हजार कोटींच्या जवळपासच्या आकड्यात साडेचार हजारांचा फरक! तो ओळखायचा कसा?

तंबोरा जुळवताना जोडाच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाजात एक लाट उठते आणि विरते. तारा जसजशा जवळ येतात तसतशी ती लाट संथ होते, आणि जुळल्या की नाहीशी होते. ही लाट म्हणजे दोन कंपनसंख्यांमधला फरक. रडारही गेलेला तरंग आणि आलेला तरंग एकत्र वाजवते आणि फक्त ‘लाट’ मोजते. ताशी दर किलोमीटरला सुमारे ४५ कंपने, असा तिचा सरळ हिशेब. योगायोग असा की ही कंपने माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतात. म्हणून अनेक यंत्रांना छोटा स्पीकर जोडलेला असतो आणि मुरलेला पोलीस सुरावरूनच वेग ताडतो. यंत्र बरोबर आहे का हे तपासण्याची जुनी रीतही सुरांचीच आहे. ठरावीक कंपनसंख्येचा नादकाटा वाजवून यंत्रासमोर धरायचा आणि त्यासाठी ठरलेला वेग पडद्यावर येतो का ते पाहायचे.

कॉफीच्या डब्यांतले रडार

रडारचा वापर युद्धामुळे वाढला हे सर्वांना माहीत आहे. ब्रिटनच्या रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेन्ट्रीजवळ केलेल्या प्रयोगात विमानावरून परतणारे रेडिओतरंग पकडले, आणि त्यातून ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडारकेंद्रांची साखळी उभी राहिली. मात्र रस्त्यावरच्या रडारचा जन्म याहून घरगुती आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ऑटोमॅटिक सिग्नल नावाची वाहतूक-दिव्यांची कंपनी होती. युद्धकाळात तिच्याकडे एक अडचण आली. पाण्यावर आणि जमिनीवर उतरणाऱ्या विमानांच्या चाकांची चौकट उतरताना मोडत होती, तेव्हा विमान किती वेगाने खाली येते ते मोजून हवे होते. जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक या दोघांनी कॉफीचे डबे डाख लावून बंद केले, त्यांतून सूक्ष्मलहरींचे अनुनादक बनवले आणि धावपट्टीच्या टोकाला आकाशाकडे तोंड करून एक यंत्र बसवले.

युद्ध संपले आणि यंत्राचे तोंड आकाशाकडून रस्त्याकडे वळले. १९४७ मध्ये कनेटिकटच्या ग्लॅस्टनबरी गावात राज्य पोलिसांनी ते लावून पाहिले. सुरुवातीला फक्त वाहतुकीची पाहणी आणि चालकांना समज देणे एवढेच काम होते. फेब्रुवारी १९४९ पासून त्याच्या आकड्यावर दंड होऊ लागला. यंत्र आधी सल्लागार होते, मग साक्षीदार झाले.

न्यायालयाने या नव्या साक्षीदाराला शपथ कशी द्यायची? सुरुवातीला दर खटल्यात तज्ज्ञ बोलावून डॉपलरचे तत्त्व पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागे. १९५५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेट विरुद्ध डॅन्टोनिओ या खटल्यात सांगितले की रडारच्या तत्त्वाची विश्वसनीयता आता मान्य समजावी, ती सिद्ध करायला प्रत्येक वेळी शास्त्रज्ञ आणण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच उरेल की हे विशिष्ट यंत्र नीट होते का आणि ते नीट चालवले गेले का. हा भेद महत्त्वाचा आहे. तत्त्व खरे असणे वेगळे आणि आज, या रस्त्यावर, या हवालदाराच्या हातात ते खरे असणे वेगळे.

पुढे कॅनडात गाडी चालवताना स्वतः वॉटसन-वॉट पोलिसांच्या रडारमध्ये सापडले आणि त्यांना दंड भरावा लागला. त्यांनी त्यावर स्वतःची चेष्टा करणारी एक कविताही लिहिली.

अंधारातली बॅटरी

आता चालकांची बाजू. रडार डिटेक्टर गाडीचा वेग मोजत नाही, पोलिसांच्या यंत्राशी त्याचा काही संवादही नसतो. तो फक्त कान देऊन बसलेला एक रेडिओ असतो. पोलिसांच्या पट्ट्यातला तरंग कानी पडला की वाजतो. प्रश्न असा पडतो की रडारला गाडी दिसण्याआधी गाडीला रडार कसे ‘दिसते’?

अमावस्येच्या रात्री कोणी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधत आहे असे समजा. तुम्ही त्याला दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची बॅटरी तुम्हाला दिसते. कारण तुमच्यापर्यंत प्रकाश एकदाच प्रवास करतो, त्याच्यापर्यंत तो जाऊन-येऊन पोचतो. अंतर दुप्पट झाले की डिटेक्टरपर्यंत येणारी शक्ती एक-चतुर्थांश होते, पण रडारकडे परतणारी एक-सोळांश होते. निसर्गाच्या या नियमावर एक सबंध उद्योग उभा राहिला.

त्याला पाठबळ मिळाले ते १९७३ च्या तेलसंकटाचे. इंधन वाचावे म्हणून अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. सरळ, रुंद, रिकाम्या महामार्गांवर ती लोकांना पटली नाही. ट्रकचालक सीबी रेडिओवरून एकमेकांना पोलिसांची ठिकाणे सांगू लागले. ओहायओ राज्यात तयार होणारा ‘फझबस्टर’ हा डिटेक्टर घरोघर माहीत झाला. १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्ह या कंपनीने ‘एस्कॉर्ट’ आणला. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेली सुपरहेटरोडाइन ही रेडिओची पद्धत त्यात वापरली होती. आपल्या घरातल्या जुन्या रेडिओंतही तीच होती. त्यामुळे त्याचा कान आधीच्या पेट्यांपेक्षा फारच तिखट झाला.

मात्र या पद्धतीत एक मेख आहे. बाहेरचा तरंग पकडण्यासाठी यंत्राला आत स्वतःचा एक तरंग निर्माण करावा लागतो, आणि तो थोडासा बाहेर गळतो. म्हणजे ऐकणारा स्वतःही हलकेच गुणगुणत असतो! जिथे डिटेक्टरवर बंदी होती तिथल्या पोलिसांनी ही गुणगुण ऐकणारी यंत्रे घेतली. त्यांना डिटेक्टरचे डिटेक्टर म्हणत. मग उत्पादकांनी गळती बंद करण्याचे मार्ग शोधले. ही गळती पोलिसांपुरतीच डोकेदुखी नव्हती. पेट्रोलपंपांवरच्या कार्डांचे व्यवहार ज्या छोट्या उपग्रह-अँटेनांवरून चालत, त्यांच्या पट्ट्यात ती शिरू लागली, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला डिटेक्टरवर मर्यादा घालावी लागली.

कायद्यांची तऱ्हा देशोदेशी वेगळी. व्हर्जिनिया राज्यात १९६२ पासून बंदी आहे. माझा भाचा मेरीलँडमधून नोकरीसाठी तिथे गेला, तेव्हा फोनवर म्हणाला, “मामा, सीमेवर पाटीच आहे. घर बदललं आणि डिटेक्टर ट्रंकेत गेला.” ब्रिटनमध्ये १९४९ च्या बिनतारी संदेश कायद्याखाली डिटेक्टर बेकायदा मानला जाई. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने असे ठरवले की रडारचा तरंग म्हणजे कोणी पाठवलेला ‘संदेश’ नव्हे, तेव्हा तो ऐकणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये तडजोड काढली. यंत्राने रडारची नेमकी जागा सांगायची नाही, धोक्याचा टप्पा मात्र सांगायला हरकत नाही. १९१० च्या स्काउटचा पेच येथे पुन्हा डोके वर काढतो.

धावणारे झाड

डिटेक्टर हा चालकांचा एक बचाव होता, दुसरा बचाव होता साक्षीदाराची उलटतपासणी. १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या मायामीच्या एका दूरचित्रवाणी वार्ताहराने पोलिसांच्या रडारवर एक झाड ताशी ८६ मैलांनी धावताना दाखवले आणि एक घर २८ मैलांनी. डेड परगण्याचे न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून ठरवले की ही यंत्रे ज्या रीतीने वापरली जात आहेत, त्या रीतीने मिळालेला पुरावा पुरेसा भरवशाचा नाही. अनेक चलने रद्द झाली.

झाड का धावले? डॉपलरचे तत्त्व चुकले नव्हते. रडारचा झोत शंकूसारखा पसरतो. १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर सुमारे ६० मीटर रुंद होतो, म्हणजे रस्त्याच्या सगळ्या मार्गिका, शेजारची झाडे आणि मागचा ट्रक त्यात मावतात. यंत्राला सर्वांत जोराचा प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि तो जवळच्या छोट्या मोटारीचा नसून मागच्या भल्यामोठ्या ट्रकचा असू शकतो. पोलीस-गाडीतला पंखाही कधी कधी वेग म्हणून मोजला जातो. रडार तिरके धरले तर वेग कमी दिसतो. २० अंशांच्या कोनातून ताशी १०० किलोमीटरचे ९४ होतात, म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची. पण पोलिसांची गाडी स्वतः धावत असेल आणि यंत्राने तिचाच वेग कमी धरला, तर उरलेला सगळा वेग समोरच्याच्या माथी बसतो.

वर सांगितलेल्या माझ्या शेजाऱ्यांना मी हेच म्हणालो. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते कोणाबद्दल बोलत आहे हे त्याला ठाऊक नसते. ते माणसाने ठरवायचे असते. म्हणून चांगल्या न्यायालयांनी तत्त्वावर वाद घातला नाही, अटी घातल्या. चालवणारा प्रशिक्षित असावा, यंत्र कामाच्या आधी आणि नंतर तपासलेले असावे, आणि आकडा कोणत्या गाडीचा हे सांगता यावे.

पुन्हा घड्याळ

यातला ‘कोणती गाडी’ हा दोष दूर केला तो लेझरने. १९८९ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या लेझर टेक्नॉलॉजी या कंपनीची लेझर स्पीड गन बाजारात आली. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठोके ती सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. ३०० मीटरवरच्या गाडीला स्पर्श करून तो दोन मायक्रोसेकंदांत परततो. लागोपाठच्या अनेक ठोक्यांवरून अंतर कसे घटत गेले ते कळते, आणि त्यावरून वेग. डॉपलरची येथे गरजच नाही. हे पुन्हा अंतर आणि काळ, म्हणजे झुडपामागचेच घड्याळ, फक्त अब्जावधीपट बारीक. झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद, त्यामुळे आकडा एकाच गाडीचा. डिटेक्टरची पंचाईत येथेच झाली. तो वाजतो तेव्हा प्रकाश तुमच्याच गाडीवर पडलेला असतो आणि मोजणी अर्ध्या सेकंदाच्या आत उरकलेली असते.

दुसरी वाट कॅमेऱ्याची. तिचा प्रवर्तक मॉरिस गॅट्सोनिडेस हा १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारा डच शर्यतपटू होता. वळणावर आपण किती वेगाने जातो हे जाणून घ्यायला, म्हणजे आणखी जोरात जाता यावे यासाठी, त्याने वेगमापक बनवला होता. त्याच्या कंपनीच्या कॅमेऱ्यांत एक गोष्ट मला मनापासून आवडते. रडारने वेग मोजला की कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो घेतो आणि रस्त्यावर ठरावीक अंतरांवर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. गाडी किती रेघा पुढे सरकली हे कोणीही पट्टी घेऊन मोजावे. साक्षीदाराने साक्ष दिली, आणि ती तपासण्याचे साधनही आरोपीच्या हाती दिले. २००१ च्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने असे कॅमेरे लांबून दिसावेत म्हणून पिवळे रंगवायचे ठरवले, तेव्हा लपण्याचा खेळ सरकारने आपणहून सोडला.

तो पुरता संपला सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेने. दोन कमानींवर कॅमेरे असतात, ते क्रमांकाच्या पाट्या वाचतात आणि वेळ नोंदवतात. कमानी १० किलोमीटर अंतरावर असतील आणि मर्यादा १०० ची असेल, तर सहा मिनिटांच्या आत पोचणारी गाडी दोषी. पाच मिनिटे लागली तर वेग १२०. येथे तरंगच नाही, तेव्हा डिटेक्टरला ऐकण्यासारखे काही नाही. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की ॲक्सिलरेटर, ही युक्तीही चालत नाही. १९०३ चे दोन हवालदार परत आले आहेत, पण या वेळी झुडपाआड नाहीत, रस्त्यावर उंच कमानीवर सर्वांना दिसतील असे उभे आहेत.

आपल्या रस्त्यांवर

हे सगळे आता आपल्या दारात आले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सरासरी वेग मोजणारी यंत्रणा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आली. स्पीड गन घेतलेल्या पोलीस-गाड्या तर जिल्ह्याजिल्ह्यांत दिसतात.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८३ उघडले की १९०३ चा तो जुना आग्रह पुन्हा समोर येतो. केवळ एका साक्षीदाराच्या मतावर अतिवेगाची शिक्षा होऊ शकत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले असले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ घालून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला पाया दिला. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ ने दोन अटी जोडल्या: उपकरणाला मान्यतेचा दाखला हवा, आणि जिथे अशी यंत्रणा आहे त्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा. म्हणजे भारतीय कायद्याने, निदान कागदावर, स्काउटचे काम सरकारकडेच सोपवले आहे! २०२५ मध्ये केंद्र सरकारने रडार वेगमापक उपकरणांसाठी वैधमापनाचे नियमही अधिसूचित केले. वाण्याच्या तराजूवर जसा सरकारी शिक्का लागतो तसाच तो स्पीड गनवरही लागावा, असा त्याचा अर्थ. माझ्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर याच शिक्क्यात आहे. चलनावर गाडीचा फोटो येतो तशी यंत्राच्या पडताळणीची तारीखही यावी, असे मला वाटते. दंड भरणाऱ्याचा तो हक्क आहे आणि पोलिसांचीही त्यात सोय आहे. ज्या साक्षीदाराची कागदपत्रे समोर आहेत त्याच्याशी भांडायला फारसे कोणी जात नाही.

हा वाद केवळ हजार-दोन हजार रुपयांचा असता तर मी एवढा खोलात शिरलो नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेग या कारणाखाली नोंदले गेले. त्या प्रत्येक अपघातात वेग कोणी मोजलेला होता असे नाही, बहुतेकदा ते नंतर काढलेले अनुमान असते. पण पदार्थविज्ञान तेच सांगते. वेग ८० वरून १०० झाला की तो पाव पटीने वाढतो, आणि धडकेतली ऊर्जा निम्म्याहून अधिक वाढते. शरीर, हाडे आणि मेंदू यांना वेग कळत नाही, ही ऊर्जा कळते.

म्हणून मी स्काउटच्या बाजूचा आहे आणि डिटेक्टरच्या विरुद्ध आहे, यात मला विसंगती दिसत नाही. फलक असो, पिवळा कॅमेरा असो की मोबाइलच्या नकाशावरची खूण असो, उघड इशारा सर्वांना मिळतो आणि सगळ्यांनाच मंद करतो. डिटेक्टरचा इशारा विकत घेणाऱ्यापुरता असतो, आणि त्याने तो उरलेल्या रस्त्यावर बेलगाम जाण्यासाठीच घेतलेला असतो. मात्र ही पेटी जन्माला येण्याचे अर्धे श्रेय लपलेल्या साक्षीदाराला द्यायला हवे. झुडपाआड बसलेल्या कायद्याकडे लोक शिकाऱ्याच्या नजरेने पाहतात आणि आपण सावज आहोत असे समजून पळवाटा शोधतात. कमानीवर उभ्या असलेल्या, मोजमाप तपासू देणाऱ्या आणि आधी सांगून मोजणाऱ्या कायद्याला फसवायला काही उरत नाही. त्याच्यासमोर वेग कमी करणे हा एकच मार्ग राहतो, आणि एवढेच तर हवे होते.